गुळव्याला गूळ लागला मातीसारखा

डिसेंबरातली सकाळ, अकराचा सुमार. कोल्हापुरातल्या कसबा बावड्यातल्या माझ्या दवाखान्यात मोटरसायकलवर मध्ये बसवून एका गुळव्याला आणलं. शर्ट घामानं चिंब, हात थरथरत होते, जीभ जड झालेली. मुलगा रडकुंडीला येऊन एकच सांगत होता, "मॅडम, बाबांनी गूळ थुकला. माती हाय म्हनले!"

काहिलीतला पाक पाण्यात टाकून, बोटांनी गोळी वळून गूळ उतरवायची वेळ सांगणारा हा माणूस. त्याला गूळ मातीसारखा लागावा? घरच्यांना वाटलं, वारं गेलं. मलाही क्षणभर तीच शंका आली. बोटाला सुई टोचली, रक्तातली साखर 41, फारच कमी. शिरेतून 25 टक्क्यांचं डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, सोडलं. थोड्या वेळानं गुळवेमामांनी विचारलं, "मी हितं कसा?"

रात्रभर गुऱ्हाळावर जागरण. सकाळी मधुमेहाची ग्लिमेपिराइड गोळी घेतली आणि भाकरी राहून गेली. ही गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते, पोटात अन्न असो वा नसो. साखर का उतरली ते कळलं. पण माती?

"मामा, आणखी काय खाल्लंत?" ते गप्प. मामींनी त्यांच्या खिशातून पुडी काढून टेबलावर ठेवली. बारीक लव असलेली, लंबगोल हिरवी पानं. बेडकीचा पाला, म्हणजेच गुडमार. हा पाला चघळला की त्यातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरची गोडाची जाणीव तेवढी बंद करतात. खारट, आंबट कळतं. अर्धा-पाऊण तास साखर वाळूसारखी लागते. रक्तातली साखरही हा पाला काही प्रमाणात उतरवतो, आणि इथं तो उपाशीपोटी घेतलेल्या गोळीच्या जोडीला गेला होता. मुलानं गूळ भरवला ते अगदी बरोबर केलं. गोड लागला नसता तरी गिळला असता तर उपयोग झाला असता.

"मला सांगितलं का नाही?"

"मागं कारल्याच्या रसाचं सांगिटलं, तवा तुमी केवढ्यानं वरडलासा."

ओरडले होते खरी. गोळ्या की झाडपाला, एक काय ते ठरवा, म्हणाले होते. त्यांनी दोन्ही चालू ठेवलं, मला सांगायचं तेवढं बंद केलं. मधुमेहावरच्या ज्या मेटफॉर्मिनची चिठ्ठी मी रोज लिहिते, त्याचं मूळ गॅलेगा नावाच्या युरोपातल्या एका झाडात आहे, हे मला कॉलेजपासून ठाऊक. तरी ओरडले. अजून सलतं.

या गोळीचा अंमल लांबतो, म्हणून मामांना मोठ्या दवाखान्यात ठेवायला लावलं. संध्याकाळी साखर परत घसरली, दुसऱ्या दिवशी स्थिरावली. नंतर मी त्यांची गोळी निम्मी केली आणि न्याहारीशिवाय घ्यायची नाही, असं मामींकडून वदवून घेतलं.

आता प्रत्येक केसपेपरवर एक ओळ असते: पाला, चूर्ण, काढा? लोक बोलतात. जांभळाच्या बियांचं चूर्ण, भिजवलेली मेथी, बिबल्याच्या, म्हणजे विजयसाराच्या, लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी, कुंडीतलं इन्सुलिनचं झाड. मी लिहून घेते, आणि सोबतची गोळी कुठली ते बघते.

आठव्या दिवशी मामा आले. मी त्यांच्याकडून दोन पानं मागून घेतली, चावली. चव कडवट. मग त्यांनीच आणलेल्या ढेपेतला खडा जिभेवर ठेवला. काहीच नाही, नुसती खरखर. मामा पाण्याचा तांब्या धरून माझ्या तोंडाकडं बघत होते.