आधी महानदी, मग चिल्का

ओडिशातल्या चिल्का सरोवराला जाणारे बहुतेक पक्षीवेडे भुवनेश्वरला उतरून थेट त्याच्या उत्तर काठावरचं मंगलाजोडी गाव गाठतात. आम्ही मुद्दाम वाट वाकडी केली. आधी अंगुळमार्गे टिकरपाडा, म्हणजे महानदीची सातकोसिया दरी, आणि मग नदीच्या मागोमाग खाली. चिल्क्याच्या उत्तर भागात येणारं गोडं पाणी आणि गाळ बराचसा महानदीच्या फाट्यांचा. नराजजवळ काठजोडी फुटते, तिच्यातून कुआखाई, पुढे दया आणि भार्गवी. नदी आधी बघितली की खालचा चिखल कुठून आला हे कुणी सांगावं लागत नाही.

टिकरपाड्याला पक्ष्यांची गर्दी नसते. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे संथ खोल पाणी, कडेला वाळूचे पट्टे. त्यावर नदी टिटवी, नदी सुरय, आणि नशीब असेल तर ऊन खात पडलेली मगर. यादी वाढवायला आलेल्या माणसाला इथे तासाभरात जांभया येतील. मला तिथून हलवत नव्हतं.

मंगलाजोडीत सगळंच उलटं. उजाडताच सपाट बुडाच्या लाकडी होडीत बसायचं आणि नावाडी लांब बांबूने ती रेटत नेतो. मोटर नाही, त्यामुळे पक्षी उडत नाहीत. एकेकाळी हे गाव शिकारीसाठी बदनाम होतं. 2000 साली महावीर पक्षी सुरक्षा समिती उभी राहिली आणि शिकार करणाऱ्यांपैकीच काही जण राखणदार झाले. नजर तीच, आता मात्र राखणीच्या कामाला लागली. आमच्या नावाड्याने गवतातला पिवळा बगळा बोट दाखवून दिला, तरी मला तो सापडायला बराच वेळ लागला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो काळ्या शेपटीच्या गॉडविट या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यापाशी. हिवाळ्यात हा अगदी राखाडी, कुणी वळूनही बघणार नाही असा. जवळून मात्र सरळ लांब चोच दिसते, बुडाशी गुलाबी, टोकाला काळी. ती चिखलात खुपसताना डोळ्यांपर्यंत डोकं पाण्यात जातं. चोचीचं नुसतं टोक उघडता येतं, म्हणून चिखलाच्या आतच भक्ष्य पकडता येतं. थवा उडाला की पंखावरचा पांढरा पट्टा आणि काळी शेपटी दिसते, मग ओळखीत शंका उरत नाही. पलीकडे जांभळी पाणकोंबडी एका पायाच्या बोटांत देठ धरून सोलत होती. शेकाटे, चक्रवाक, तलवार बदकं तर होतीच.

सरोवरातल्या नलबण बेटाला मोटरबोटीने गेलो. नाव मोठं, पण पक्षी लांबच राहतात, साध्या दुर्बिणीने ठिपकेच दिसतात. स्पॉटिंग स्कोप असेल तरच या फेरीत वेळ घालवा. पावसाळ्यात हे बेट पाण्याखाली असतं, तेव्हा हिवाळाच बरा.

वाटेत सरोवर समुद्राला मिळतं त्या मुखाचा विषय निघाला. जुनं मुख गाळाने आक्रसलं, खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या आणि मासळी कमी झाली. 1993 मध्ये चिल्क्याचं नाव रामसर या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, धोक्यातल्या जागांच्या यादीत गेलं. 2000 मध्ये नवं मुख खोदलं आणि 2002 मध्ये नाव त्या यादीतून निघालं. गाळ आणते ती नदीच, आणि मंगलाजोडीचा चिखलही तिचाच. त्यामुळे वेळ कमी असेल तर नलबण सोडा, टिकरपाडा सोडू नका.