एकवीस दात

रविवार, रात्र

आज माझ्या नॉर्टन कमांडो ८५० मोटरसायकलच्या प्रायमरीचं, म्हणजे इंजिनकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनचं, झाकण उघडलं. गिअरबॉक्सवरचं स्प्रॉकेट (मागच्या चाकाची चेन ओढणारं दातेरी चाक) बदलायचं म्हणजे क्लच आणि इंजिनचं स्प्रॉकेट, दोन्ही उतरवायचं. क्लचची डायफ्रॅम स्प्रिंग दाबायला वेगळं हत्यार लागतं आणि स्प्रॉकेटचा नट उलट्या आट्यांचा. इतका खटाटोप पुन्हापुन्हा होत नाही, म्हणून दातांचा आकडा आठवडाभर डोक्यात घोळत होता.

निघालं ते १९ दातांचं. चढाला छान ओढायचं, पण वुल्व्हरहॅम्प्टनहून एम ५४ मोटरवेला लागलं आणि ताशी ७० मैल धरले की इंजिन मिनिटाला सुमारे ४,३५० फेऱ्यांवर. ८९ मिलिमीटर स्ट्रोकचे दोन पिस्टन एकदमच वर जातात, एकदमच खाली येतात. तासभर ते ऐकवत नाही.

मग २२ का नको? दात वाढले की त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं. मागच्या चाकावर ४२ दात, प्रायमरीत क्लचला ५७ आणि इंजिनला २६. म्हणजे टॉप गिअरचं गुणोत्तर ४.१९, चाकाच्या एका फेरीला इंजिनच्या इतक्या फेऱ्या. मोटरवेला सुख. पण मी फिरतो वेल्समध्ये, ए ५च्या वळणांवर, ताशी ५० मैलांनी. तिथे टॉपमध्ये फेरे २,७००च्या खाली येतात. कमांडोचं इंजिन रबरावर बसवलेलं आहे, आणि माझ्या गाडीचा थरथराट २,८००च्या आसपास निवतो. सुंदर रस्त्यावर सतत तिसऱ्यात राहायचं, हे मला पटेना.

उरले २० आणि २१. इथे चेनने निकाल दिला. माझी चेन १०० कड्यांची. २० दातांवर प्रत्येक कडी दर वेळी त्याच दातावर बसणार, आणि एखादी खराब कडी तोच दात खात राहणार. २१ घेतले की जोड्या बदलत राहतात. ५० मैलांना २,८०० फेरे, ७०ला ३,९५०.

पहिल्या गिअरचं गुणोत्तर आता ११.२वर आलं. चढावर गाडी उठवताना क्लच जरा जास्त सांभाळावा लागेल, ते मान्य आहे. दोन दात वाढल्यामुळे मागचं चाक जवळपास ८ मिलिमीटर पुढे घेतलं. स्पीडोमीटरची केबल मागच्या चाकावरून येते, त्यामुळे काटा बरोबरच राहील.

उद्या संध्याकाळी क्लच बसवायचा. शनिवारी पाऊस नसेल तर लँगोलनच्या वर हॉर्सशू पास घाटाला जाणार. चढावर मध्येच थांबून पुन्हा सुटून पाहायचं आहे.