पत्रिका वाचायची तर आधी मोजायला शिका

पत्रिका समोर आली की बहुतेकांची नजर थेट मंगळ कुठे, शनी कुठे हे शोधायला लागते. ती आधी वरच्या मधल्या घरातल्या आकड्यावर जायला हवी. महाराष्ट्रात चालणाऱ्या तिरक्या घरांच्या मांडणीत हे घर म्हणजे प्रथम स्थान, आणि त्यातला आकडा म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास, म्हणजेच लग्नरास. १ मेष, २ वृषभ, असं करत १२ मीन. तिथून डावीकडे, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजायचं. डावीकडचं मधलं घर चतुर्थ, खालचं मधलं सप्तम, उजवीकडचं मधलं दशम. घरांच्या जागा कधीच बदलत नाहीत, बदलतात ते आकडे.

नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते. ७ हा आकडा दिसला की ते त्या घराला सप्तम स्थान समजतात. सिंह लग्नाच्या पत्रिकेत वरती ५ असतो, ७ म्हणजे तूळ रास तृतीयात पडते आणि सप्तमात असतो ११, म्हणजे कुंभ. दक्षिणी पद्धतीची पत्रिका असेल तर उलटा प्रकार असतो. तिथे राशींच्या जागा कायम असतात, मीन वरच्या डाव्या कोपऱ्यात, आणि मोजणी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे होते. लग्न ज्या घरात असेल तिथे रेघ मारलेली किंवा 'ल' लिहिलेलं असतं.

शेजारीच छापलेली राशिकुंडली ही वेगळी पत्रिका नव्हे. ग्रह त्याच राशींत असतात, फक्त चंद्राची रास प्रथम स्थानी धरलेली असते. दोन्हींतली स्थानं एकमेकांत मिसळू नका.

पुढे सगळीकडे एकच पत्रिका उदाहरणाला घेऊ. लग्न सिंह १२ अंश, रवी मकर ८ अंश, चंद्र कर्क १० अंश, मंगळ वृश्चिकेत, शनी वृषभेत. जन्मवेळ रात्री ८ वाजून ५५ मिनिटं, जन्मस्थळ पुणे.

फळाचा एक शब्दही काढण्याआधी पत्रिका बरोबर मांडली आहे का ते तपासा. याला पंचांगही लागत नाही. रवी साधारण १४ एप्रिलला मेषेत, १६ जुलैला कर्केत आणि १४-१५ जानेवारीला मकरेत जातो, रोज सुमारे एक अंश पुढे सरकतो. मकरेत ८ अंश म्हणजे जन्म २२ जानेवारीच्या आसपासचा हवा. मग वेळ पडताळा. सूर्योदयाला रवी लग्नी असतो, दुपारी दशमात, सूर्यास्ताला सप्तमात, मध्यरात्री चतुर्थात. सकाळी उगवल्यावर तो लग्नातून व्ययात (बाराव्या स्थानात), मग लाभात (अकराव्यात) असा मागे मागे जातो. आपल्या उदाहरणात रवी षष्ठात आहे, म्हणजे सूर्यास्त होऊन गेलेला आहे. जानेवारीत पुण्याला साडेसहाच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा रात्री नऊच्या सुमाराची वेळ जुळते. हीच वेळ सांगून कोणी रवी व्ययात दाखवला, तर एएम-पीएमचा घोळ झाला आहे. संगणकावर माहिती भरताना सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

बुध रवीपासून २८ अंशांपलीकडे जात नाही आणि शुक्र फार तर ४७-४८ अंश. म्हणून या पत्रिकेत बुध धनु, मकर किंवा कुंभेतच सापडला पाहिजे, आणि शुक्र मीनेत म्हणजे उच्च राशीत असूच शकत नाही. तो जास्तीत जास्त कुंभेच्या शेवटच्या अंशांपर्यंत पोहोचेल. राहू-केतू नेमके १८० अंशांवर समोरासमोर हवेत. चंद्र तिथीवरून तपासावा. चंद्रातून रवी वजा करून आलेल्या अंतराला १२ ने भागलं की गेलेल्या तिथी मिळतात. इथे अंतर १८२ अंश, म्हणजे पंधरा तिथी संपून वद्य प्रतिपदा नुकती लागलेली. घरात कोणाला 'पौष पौर्णिमेच्या रात्रीचा जन्म' असं आठवत असेल तर ते बरोबरच आहे. नावरस अक्षरही, म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणावरून (पाव भागावरून) ठरणारं जन्मनावाचं पहिलं अक्षर, उपयोगी पडतं. आपल्या उदाहरणातला चंद्र पुष्य नक्षत्रात आहे. पुष्याच्या चार चरणांची अक्षरं हू, हे, हो, डा. जन्मनाव 'हो'वरून ठेवलेलं असेल तर चंद्र कर्केच्या १० ते १३ अंश २० कलांमध्ये (६० कला म्हणजे एक अंश) असला पाहिजे. जुन्या कागदावर अंश पुसले गेले असले तरी या एका अक्षरावरून चंद्र सव्वातीन अंशांच्या आत पकडता येतो.

आता स्वामी, म्हणजे प्रत्येक राशीचा मालक ग्रह. मेष-वृश्चिकेचा मंगळ, वृषभ-तुळेचा शुक्र, मिथुन-कन्येचा बुध, कर्केचा चंद्र, सिंहेचा रवी, धनु-मीनेचा गुरू, मकर-कुंभेचा शनी. आपल्याकडच्या पत्रिकांत हर्षल, नेपच्यून, प्लुटोही मांडतात. शिकताना ते बाजूला ठेवा, पारंपरिक स्वामित्वात आणि विंशोत्तरी या दशापद्धतीत त्यांना जागा नाही.

स्वामी पाठ झाले की पत्रिका बोलू लागते, कारण ग्रहाचं काम लग्नाप्रमाणे बदलतं. गुरू शुभ आणि शनी पापग्रह हे नैसर्गिक स्वभाव झाले. सिंह लग्नाला गुरू पंचमाचा आणि अष्टमाचा स्वामी आहे, तेव्हा त्याच्याकडे दोन्ही जबाबदाऱ्या येतात. मंगळ चतुर्थाचा आणि नवमाचा, म्हणजे एका केंद्राचा (१, ४, ७, १० ही स्थानं) आणि एका त्रिकोणाचा (१, ५, ९) स्वामी, म्हणून तो या लग्नाला योगकारक, म्हणजे विशेष शुभ. कर्क लग्नालाही मंगळच, वृषभ आणि तूळ लग्नाला शनी, मकर आणि कुंभ लग्नाला शुक्र. तूळ लग्नाच्या माणसाला शनीची सरसकट भीती घालणाऱ्यांनी लग्न पाहिलेलंच नसतं.

एक स्थान वाचायचं म्हणजे काय ते सप्तमावर, म्हणजे विवाहाच्या स्थानावर पाहू. क्रम असा ठेवा: स्थानातली रास, तिथे बसलेले ग्रह, स्थानाचा स्वामी कुठे गेला, आणि त्या स्थानावर कोणाच्या दृष्टी आहेत. आपल्या पत्रिकेत सप्तमात कुंभ रास. तिचा स्वामी शनी दशमात, वृषभेत, म्हणजे मित्र शुक्राच्या राशीत. दृष्टी मोजताना ग्रह ज्या घरात आहे ते घर एक धरायचं. शनीची दृष्टी तिसऱ्या, सातव्या आणि दहाव्या घरावर असते. दशमापासून तिसरं घर व्यय, सातवं चतुर्थ, दहावं सप्तम. म्हणजे सप्तमेश दुसरीकडे बसूनही आपल्या घरावर नजर ठेवून आहे, आणि आपलं घर पाहणारा स्वामी त्या घराला बळ देतो, मग तो शनी का असेना. बसलेल्या घरापासून शून्य मोजायला सुरुवात केली की प्रत्येक दृष्टी एका घराने चुकते. ही चूक पुष्कळ वर्षं पत्रिका पाहणाऱ्यांच्या हातूनही घाईत होते.

मंगळ वृश्चिकेत, चतुर्थात आहे. त्याच्या दृष्टी चौथी, सातवी आणि आठवी. चौथी पडते सप्तमावर. मंगळाची पत्रिका ठरवताना १, ४, ७, ८, १२ ही स्थानं घेतात ती काही उगाच नव्हेत. सप्तमात मंगळ स्वतः बसतो, लग्नातून त्याची सातवी, चतुर्थातून चौथी आणि व्ययातून आठवी दृष्टी सप्तमावर जाते, आणि अष्टमातून तो कुटुंबस्थान, म्हणजे द्वितीय पाहतो. आपल्या उदाहरणातला मंगळ या यादीप्रमाणे 'मंगळ असलेला' ठरतो. पण तोच मंगळ स्वराशीत, केंद्रात, शिवाय या लग्नाचा योगकारक आहे. स्वराशीचा मंगळ केंद्रात म्हणजे रुचक हा शुभ योग. स्वराशीच्या मंगळाला दोष न धरण्याचा परिहारही परंपरेतच आहे. समोरून शनी त्याला पाहतोय, हेही जमेला धरावं लागेल. एवढं सगळं मोजल्यावरच मत द्यावं. नुसतं 'चौथ्यात मंगळ आहे' एवढ्या वाक्यावर स्थळं परत जातात, मुलामुलींना वर्षानुवर्षं त्याचा ताप होतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अंशांकडे येऊ. लग्न सरासरी दोन तासांत रास बदलतं, पण सगळ्या राशी सारख्या वेळात उगवत नाहीत. महाराष्ट्राच्या अक्षांशांवर मीन लग्न साधारण एक तास पस्तीस-चाळीस मिनिटांत संपतं, तर वृश्चिक लग्नाला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. नवमांश म्हणजे राशीचा नववा भाग, ३ अंश २० कलांचा. सिंह १२ अंश म्हणजे चौथा नवमांश, आणि स्थिर राशीची मोजणी तिच्यापासून नवव्या राशीपासून सुरू होते म्हणून मेषेपासून मोजून नवमांश लग्न कर्क. सिंह लग्नाचा एक अंश उगवायला साडेचार मिनिटांच्या जवळपास वेळ जातो. जन्म सहा-सात मिनिटांनी उशिरा झाला असता तर नवमांश लग्न सिंह झालं असतं, दहा मिनिटं आधी असता तर मिथुन. वेळ 'पावणेनऊ-नऊच्या दरम्यान' अशी सांगितलेली असेल तर नवमांश लग्नावरून काहीही सांगू नये.

दशा म्हणजे आयुष्यातला एकेका ग्रहाच्या अमलाचा काळ. तिचं गणित सोपं आहे. नक्षत्र १३ अंश २० कलांचं. पुष्य कर्केच्या ३ अंश २० कलांना सुरू होतं आणि १६ अंश ४० कलांना संपतं. चंद्र १० अंशांवर म्हणजे बरोबर अर्धं नक्षत्र भोगून झालेलं. पुष्याचा स्वामी शनी, त्याची दशा १९ वर्षांची, अर्धी उरली म्हणजे जन्मवेळी शनीची भोग्य (भोगायची उरलेली) दशा ९ वर्षं ६ महिने. पुढे बुध १७, केतू ७, शुक्र २०, रवी ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६. चंद्र तासाला साधारण अर्धा अंश चालतो, त्यामुळे जन्मवेळ एका तासाने चुकली तर शनीच्या दशेत जवळपास नऊ महिन्यांचा फरक पडतो.

त्याहून मोठा फरक अयनांश करतो, म्हणजे राशिचक्राचा आरंभ वसंतसंपातापासून किती अंश पुढे धरायचा ते अंतर, आणि आपल्या मराठी मुलखात तो प्रश्न घरातच आहे. दाते पंचांग चित्रा पक्षाचं (हा आरंभ चित्रा ताऱ्यावरून ठरवणारं), टिळक पंचांग रैवत पक्षाचं (रेवतीच्या ताऱ्यावरून ठरवणारं). दोघांच्या अयनांशांत सुमारे ४ अंशांचं अंतर आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात चित्रा पक्ष धरला, २१ मार्च १९५६ ला २३ अंश १५ कला, आणि आज बहुतेक संगणकी पत्रिका याच मानाने निघतात. रैवत पक्षाने आपला चंद्र कर्केत १४ अंशांच्या जवळ येईल. मग नक्षत्राचा पाचवा भागच उरतो आणि भोग्य दशा साडेनऊऐवजी जेमतेम पावणेचार वर्षं. दोन पत्रिकांत दशा सहा वर्षांनी वेगळ्या दिसल्या की ज्योतिषाला दोष देण्याआधी दोन्हींवर अयनांश कोणता छापला आहे ते पाहा. ज्या अयनांशाने पत्रिका केली, त्याच अयनांशाचं पंचांग गोचरासाठी, म्हणजे ग्रहांच्या सध्याच्या भ्रमणासाठी वापरा.

आजी-आजोबांच्या पत्रिका नव्याने करताना वेळ कोणती आहे हे आधी ठरवावं लागतं. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून असली तरी मुंबईत १९५५ पर्यंत मुंबई टाइम चालत होता, प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटांनी मागे. एवढ्यात लग्न सरासरी नऊ-दहा अंश सरकतं. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात घड्याळं एक तास पुढे होती, तो तास वजा करावा लागतो. त्याआधीच्या हस्तलिखित पत्रिकांत सूर्योदयापासूनच्या घटी-पळांत इष्टकाल, म्हणजे जन्मापर्यंत गेलेला वेळ असतो. घटी २४ मिनिटांची, ६० पळांची, म्हणून तासांची अडीचपट केली की घटी मिळतात. आपल्या उदाहरणात सूर्योदय ७ वाजून १० मिनिटांनी धरला तर ८ वाजून ५५ मिनिटांपर्यंत १३ तास ४५ मिनिटं होतात, म्हणजे ३४ घटी आणि साडेबावीस पळे. घटींवरून मांडलेलं लग्न घड्याळाच्या भानगडीतून सुटतं, त्यामुळे दोन्ही नोंदी असतील तर मी घटींवर जास्त विश्वास ठेवतो.

आणि वेळ अजिबातच माहीत नसेल तर राशिकुंडली वापरावी. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो, त्यामुळे नुसत्या तारखेवरूनही ती बहुतेक वेळा बरोबर निघते. चंद्राने त्याच दिवशी रास बदलली असेल तर मात्र दोन्ही राशी मांडून ठेवाव्यात आणि नावरस अक्षर कोणाला आठवतंय का, हे घरात विचारावं.