तो मोबाइल बघत होता

मंगळवार, रात्री उशिरा

झोप येत नाही म्हणून लिहायला बसले आहे, आणि कारण इतके क्षुल्लक आहे की ते ह्यांना सांगायचीही सोय नाही. काल जत्रेत, दशावताराला अजून अवकाश असताना, देवळासमोरच्या मंडपात त्या जादूगाराने पाण्याने काठोकाठ भरलेल्या पिंपातून सुटून दाखवले. साऱ्या गावाने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण तो आत असताना, झाकणाला चारी बाजूंनी कुलपे लागलेली आणि पुढे लाल पडदा ओढलेला असताना, पडद्याच्या कडेला उभा असलेला त्याचा मदतनीस मुलगा खिशातून मोबाइल काढून बघू लागला. नुसती वेळ बघितली असती तर मी समजू शकले असते. त्याने अंगठ्याने काहीतरी वर सरकवले, वाचले, त्याला किंचित हसू आले, आणि मग मोबाइल परत खिशात टाकून त्याने चेहरा पहिल्यासारखा गंभीर केला. मंडपाच्या खांबाआड बसल्यामुळे हे मला दिसले. इतर कोणाला दिसले असेल असे वाटत नाही.

त्या क्षणापर्यंत मी खरोखर घाबरले होते. जादूगार आत शिरला तेव्हा पाणी पिंपावरून भसाभस ओसंडले आणि पुढच्या ओळीतल्या मुलांच्या चटया भिजल्या. तरीही वरून आणखी दोन कळश्या ओतून त्यांनी पिंप पुन्हा भरून घेतले, म्हणजे आत बोटभरही हवा उरली नाही हे सर्वांना कळावे. झाकण बसण्यापूर्वी त्याने सांगितले होते की मी बुडालो की तुम्हीही श्वास रोखून धरा. माझा श्वास लगेच सुटला, शेजारच्या शाळकरी मुलाचा जरा उशिरा सुटला, आणि बघता बघता सगळा मंडप श्वास घेऊ लागला व तो एकटाच घेईनासा राहिला. कुलपांपेक्षा ही सूचनाच अधिक भयंकर आहे. ती त्याच्या डोक्यातून निघालेली नाही. कुलपाबेड्यांतून सुटून दाखवणाऱ्या हूडिनी ह्या प्रसिद्ध जादूगाराने १९०८ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथे दुधाच्या मोठ्या कॅनमधून सुटण्याचा प्रयोग सुरू केला, त्यात तो प्रेक्षकांना हेच करायला लावत असे. एवढ्या वर्षांनंतर आमच्या गावातल्या बायकांनी पदराने नाक दाबून धरले, ह्याचे त्याला नक्कीच कौतुक वाटले असते.

रात्री घरी येताना ह्यांनी दोन वाक्यांत सगळ्याचा निकाल लावला. "अगो, कुलपां खरी, गळो खोटो." ज्यांचा जन्म वेल्डिंगमध्ये गेला त्यांना पत्र्याचे काम दुरून कळते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पिंपाचा गळा अंगाला रिबिटांनी ठोकलेला दिसत होता, पण त्या रिबिटा नुसत्या शोभेच्या होत्या. गळा आतून ढकलला की झाकण व कुलपांसह अख्खा वर उचलला जातो, माणूस बाहेर येतो आणि गळा पुन्हा जागेवर बसवतो. कुलपे तपासायला वर बोलावलेल्या आमच्या सरपंचांनी कुलपेच तपासली, हे ओघानेच आले. हूडिनीच्या कॅनची युक्तीही हीच होती आणि ती केव्हाच जगजाहीर झालेली आहे, असे आज वाचनात आले.

मला राग आला तो जादूगाराचा नव्हे. दशावतारात संकासुर आमच्या शेजारचा आहे हे ठाऊक असूनही आम्ही पहाटेपर्यंत बसतो, आणि कोणी पैसे परत मागत नाही. राग आला तो माझी भीती फुकट गेली ह्याचा. जिवाचा खेळ आहे असे त्याने माइकवरून सांगितले, मी ते खरे मानले, माझ्या तळहातांना घाम सुटला, भरडीणीला नवस बोलण्यापर्यंत माझी मजल गेली, आणि ज्याने सर्वांत जास्त घाबरायला हवे होते तो मुलगा कोणाचा तरी विनोद वाचत होता. असे माझ्या बाबतीत नेहमीच होते. वारा सुटला, आभाळ काळे झाले आणि होड्या खाडीत आल्या नाहीत की जेटीवर जाऊन मी उभी, आणि दादा होडीतूनच हसत विचारणार की रडान झाला काय. घरातल्या सगळ्यांच्या वाटणीचे घाबरणे जणू मी एकटीनेच करायचे असे कधीतरी ठरले, आणि ते ठरवताना मला कोणी विचारले नाही. त्या वर्षीच्या वादळाबद्दल मी इथे लिहिणार नाही. तेव्हा तरी कोणी हसले नव्हते, एवढेच.

आज दुपारी माझा भाचा बाळू जेवायला आला होता. तारकर्लीला स्कूबावाल्यांबरोबर काम करायला लागल्यापासून तो पाण्याविषयी पुस्तकात छापल्यासारखे बोलतो. मी सहज विचारल्यासारखे करून विचारले की माणूस गुदमरू लागला तर पिंपाला आतून लाथा मारील, धडपडेल, म्हणजे बाहेरच्याला कळेलच ना. तो म्हणाला, कळेलच असे नाही. श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू संपला म्हणून नव्हे, तर मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो म्हणून. बुडी मारण्यापूर्वी भराभर खोल श्वास घेतले की प्राणवायू फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड मात्र निघून जातो. त्यामुळे आतून येणारा इशारा उशिरा येतो, आणि कधीकधी त्या आधीच प्राणवायू इतका खाली जातो की माणसाची शुद्ध हरपते. धडपड नाही, बुडबुडे नाहीत, हाक नाही. चांगले पोहणारेच ह्यात जातात, कारण वाईट पोहणारे तेवढा वेळ खाली राहतच नाहीत. "आते, दम लागाक नाय म्हणान दम आसा असा नाय," असे म्हणून त्याने सोलकढीची वाटी पुढे केली. शिणाणे, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढायला खडकाशी बुडी मारण्याआधी दादा नेमके असेच भराभर श्वास घेतो. हे मी बाळूला सांगितले आणि तो जेवता जेवता थांबला. दादाशी तो बोलणार आहे.

तेव्हापासून डोक्यात वेगळेच चक्र सुरू झाले आहे. युक्ती आहे म्हणजे धोका नाही, असे मी काल रात्री ह्यांच्या दोन वाक्यांवरून गृहीत धरले होते, आणि माझी भीती फुकट गेल्याचा सगळा हिशेब त्याच्यावरच उभा होता. पण गळा खोटा असला तरी पाणी खोटे नव्हते. १९३० मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यात जेनेस्टा नावाच्या जादूगाराने हाच कॅनचा प्रयोग केला. कॅन प्रवासात कुठेतरी आपटला होता आणि त्याला पोचा आला होता. सुटकेचा गुप्त भाग त्या पोच्यामुळे अडकला, आणि त्याला बाहेर काढेपर्यंत उशीर झाला. कुलपे नेहमीचीच होती आणि माणूस सरावलेला होता; ज्या लबाडीने त्याला वाचवायचे तीच अडून बसली. आपल्याकडच्या टेम्पोच्या हौद्यातून, घाटातल्या खड्ड्यांतून हे पिंप गावोगाव फिरते तेव्हा त्याचा गळा दर मुक्कामी कोण हातोडी घेऊन तपासतो, हे मला काल कोणाला तरी विचारावेसे वाटायला हवे होते. वाटले ते एवढेच की आपण फसलो.

फसलो असे वाटणाऱ्यांचे काय होते तेही आज वाचले. जादूगार मँड्रेक ह्या नावाने प्रयोग करणारे कोलकात्याचे चंचल लाहिरी २०१३ मध्ये कुलूपबंद पिंजऱ्यासह हुगळी नदीत उतरले आणि बाहेर आले, पण पिंजऱ्याचे दार लोकांना दिसले होते. चिडलेल्या बघ्यांनी त्यांना मारहाण केली. १६ जून २०१९ रोजी ते पुन्हा त्याच नदीत उतरले, ह्या वेळी साखळदंडांनी आणि दोरांनी हातपाय बांधून, क्रेनला लटकून. ते वर आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृतदेह सापडला. ह्या दोन घटनांमध्ये कार्यकारणाचा धागा ओढण्याचा मला अधिकार नाही, त्या माणसाच्या मनात काय होते हे मला कसे कळणार. पण एकदा दार दिसले म्हणून मार खाल्लेला माणूस पुढच्या वेळी दार ठेवताना बिचकला असेल का, हा प्रश्न मनातून जात नाही. आणि त्या बघ्यांत मी असते तर मारले नसते, पण घरी जाऊन रोजनिशीत तक्रार लिहिली असती, हेही मान्य करायला हवे.

खुद्द हूडिनी मात्र ह्या बाबतीत पक्का व्यवहारी होता. १९०६ मध्ये डेट्रॉइटच्या पुलावरून बेड्या घालून त्याने नदीत उडी मारली. पुढे तो सांगू लागला की नदी गोठलेली होती, भोकातून खाली गेलो आणि वर यायला भोकच सापडेना. त्या वेळच्या वर्तमानपत्रात बर्फाचे नाव नाही; उलट त्याच्या अंगाला सुरक्षेचा लांब दोर बांधलेला होता असे छापलेले आहे. म्हणजे धोका होता तिथे त्याने दोर बांधला आणि धोका नव्हता तिथे गोष्ट रचली. मला हा माणूस आवडू लागला आहे. १९५३ च्या एका चित्रपटाने त्याला पाण्याच्या टाकीत मारले म्हणून अनेकांना तो तसाच गेला असे वाटते, पण १९२६ च्या ऑक्टोबरअखेरीस तो रुग्णालयात, आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) फुटून पोटात पू झाल्याने गेला. त्याच्या पाण्याच्या प्रयोगांत एक मदतनीस कुऱ्हाड घेऊन उभा असे. ती कुऱ्हाड लोकांना घाबरवण्यासाठी होती हे उघड आहे, पण वेळ आली असती तर ती चाललीही असती.

ही कुऱ्हाड मला फार पटली, आणि रात्री जेवताना ती मी ह्यांच्यासमोर काढली. पुढच्या वर्षी जत्रेच्या कमिटीने त्या जादूगाराला पुन्हा बोलावायचे असेल तर पिंपापाशी कुऱ्हाड घेतलेला माणूस हवा, एवढे बैठकीत मांडाल का, असे विचारले. ह्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितले की पुढचे वाक्य मला पाठ होते. पण ते म्हणाले, "तेच्या पत्र्याक कुऱ्हाड लागाची नाय." मग घास हातात धरून ते विचारात पडले. गॅस कटर तर आतल्या माणसाच्या अंगावरच जाईल, तेव्हा तळाशी दोन इंची व्हॉल्व्ह बसवायला हवा. सगळे पाणी जाण्याची गरज नाही, डोके वरच असते, वरचे चार-पाच इंच उतरले तरी नाक मोकळे होईल. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आले की झाकण घट्ट असेल आणि वरून हवा आत शिरली नाही तर व्हॉल्व्ह उघडूनही पाणी नीट उतरणार नाही, म्हणून गळ्याला बाजूने भोके पाडायला हवीत. ताटातला मासा गार झाला, ह्यांनी जुन्या बिलाच्या पाठीमागे पिंप काढले, आणि माझ्याकडे घाबरण्यासारखे काही शिल्लक राहिले नाही. भोके कुठे पाडायची ते ठरले आहे. व्हॉल्व्हचा दांडा मात्र पडद्यामागे ठेवावा की लोकांना दिसेल असा पुढे, ह्यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. ते म्हणतात पडद्यामागे, नाहीतर खेळाची मजा जाईल, आणि मी म्हणते पुढे, माझ्या हाताला लागेल असा.