शनिवारचा पगार आणि पाळणाघराची फी

सोलापुरात आमच्या पूर्व भागात पगार शनिवारी होतो. गारमेंटमधल्या बायका संध्याकाळी मूल न्यायला येतात तेव्हा पदराच्या गाठीला दीड हजार असतात, आणि सोमवार उजाडेपर्यंत किराणा, गॅस, भिशी यांत ते संपलेले असतात. त्यामुळे पाच तारखेला फी मागायचं मी दुसऱ्याच वर्षी सोडून दिलं. आता माझी वही शनिवारची आहे.

कन्ना चौकाच्या मागे, आमच्याच घराच्या खालच्या दोन खोल्यांत मी नऊ वर्षं पाळणाघर चालवते. सध्या सोळा मुलं आहेत, सगळ्यात धाकटं आठ महिन्यांचं. पूर्ण फी महिन्याला १,५०० रुपये. ऐकायला फार वाटत नाही, पण शिलाईवर बसणाऱ्या बाईची ती एका आठवड्याची कमाई आहे. म्हणजे महिन्यातला एक आख्खा आठवडा ती केवळ मूल ठेवायला जागा मिळावी म्हणून मशीन मारते. दोन मुलं असली तर दोन आठवडे. मग घरात हिशोब होतो आणि ठरतं, थोरलीला घरी बसवू.

तशी एक थोरली मी पाहिली. फी थकली म्हणून आईनं धाकट्याला पाठवणं बंद केलं होतं, मी चौकशीला गेले. एप्रिलची दुपार, वर पत्रा. तिसरीतली ती पोर झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून बसली होती आणि मांडीवर पुस्तक होतं. बाळ रडलं तशी उठली, दूध कोमट केलं, दोन थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून पाहिले, फुंकर घातली आणि वाटी-चमच्यानं पाजायला लागली. अगदी चार लेकरं वाढवलेल्या बाईसारखी. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "अक्का, आज आमचा गणिताचा पेपर होता."

मला त्या रात्री झोप लागली नाही. शनिवारी तिच्या आईला सांगितलं, "आठवड्याला दोनशे दे, तेवढे बास, पण पोरीला शाळेत पाठव." माझ्याकडची पहिली सवलत ती. आज सातजण पूर्ण फी देतात, सहाजण आठवड्याला २०० देतात आणि तिघीजणी १०० देतात. त्या तिघींतल्या दोघी विड्या वळतात. कुणी म्हणतं, त्या तर घरीच असतात, त्यांना पाळणाघर कशाला? एकदा जाऊन बघा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला पान कापायची कात्री. रोजच्या हजार विड्या पुऱ्या करायच्या तर मान वर करायला सवड नसते, आणि रांगणारं मूल त्याच भुकटीत हात घालून तो तोंडात घालतं. मूल माझ्याकडे आलं की सकाळी त्याचे हात-तोंड धुताना पाण्याला तंबाखूचा वास येतो. हे मी रोज बघते.

पण सवलत दिली की तो पैसा कुठून तरी भरून काढावाच लागतो, आणि हे मला मोकळेपणानं लिहायचं आहे. महिन्याला १६,५०० जमतात. दोन मावशींचे पाच-पाच हजार, दूध-केळी-खिचडीचे ४,६००, लाइट ८००, साबण-फिनेल ५००. उरतात ६००. माझं मी निभावते, घर स्वतःचं आहे. त्या मावशी मात्र सकाळी साडेआठपासून रात्री सातपर्यंत सोळा लेकरं सांभाळतात. पाच हजार ही त्यांची मजुरी नव्हे. खरं सांगायचं तर माझ्या नावानं दिली जाणारी सवलत त्याच देतात.

म्हणून सरकारी पैसा हवा. आणि तो देता येतो हे सरकारनंच दाखवलेलं आहे. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या घराला महिन्याला २० रुपये फी होती, दोघांची मिळून कमाई १२,००० पर्यंत असेल तर १००, त्यापुढे २००. बाकीचा खर्च केंद्र, राज्य आणि चालवणारी संस्था ६०, ३०, १० अशा वाट्यानं उचलायची. किती सरळ रचना! २०२२ पासून केंद्राच्या महिलांसाठीच्या 'मिशन शक्ती' योजनेत तिचं नाव 'पाळणा' झालं आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरलं. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास. आमच्या गल्लीतली अंगणवाडी मात्र दुपारीच बंद होते आणि तिथं बसतात ती तीन वर्षांच्या पुढची मुलं. त्याहून लहानांना घरी न्यायला आहाराचं पाकीट मिळतं. पाकिटानं पोट भरेल, पण दिवसभर बाळाजवळ बसणार कोण?

कारखान्यानं पाळणाघर द्यावं, हेही आहेच कायद्यात. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनं ५० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथं ते सक्तीचं केलं आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जायची मुभा दिली. पण आमच्याकडे एका मजल्यावर बारा मशीन, शेजारच्या घरात दहा. पन्नास भरणार कुठून? विडीवाल्या बाईचा तर कारखाना म्हणजे तिचाच उंबरा. विडी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्तीही पहिलीपासून सुरू होते. पहिल्या सहा वर्षांचं काय, ते आईनं बघायचं.

आमच्या अंगणवाडीलाही पाळणाघर जोडा, असा अर्ज घेऊन गेल्या महिन्यात आम्ही एका सरकारी कार्यालयात गेलो. दोन तास थांबलो, मग कळलं की साहेब दौऱ्यावर आहेत. बरोबरच्या सहाजणींची अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. तेव्हापासून बायका यायला कचरतात, आणि त्यांचं चुकत नाही.

आता मीच गल्लोगल्ली फिरून सह्या घेते. कुठल्या घरात सहा वर्षांखालची किती मुलं, आई कुठं कामाला, किती वाजता सुटते, सगळं वहीत लिहून घेते. एकशे बारा नावं झालीत. अंगणवाडीच्या ताईही म्हणतात, जोडीला एक मदतनीस आणि संध्याकाळपर्यंतचं मानधन मिळालं तर खोली आहेच. त्यांच्याकडूनही तसं लिहून घेतलं आहे. मे महिन्यात गणवेशाच्या ऑर्डरी सुरू झाल्या की बायका रात्री आठ-आठपर्यंत मशीनवर असतील, त्याआधी अर्ज पोचायला हवा. सोमवारी अकराला निघते. या वेळी बायकांना मजुरी बुडवून यायला सांगितलेलं नाही, फक्त वही घेऊन जाणार आहे. साखर पेठ, दत्त नगरकडची कुणाची सही राहिली असेल तर शनिवारी संध्याकाळी साडेसातपर्यंत मी दारातच बसलेली असते.