आमची वाटचाल : करवतकाठी, भंडाऱ्याच्या मागावरून नागपूरच्या बर्डीवर

आमचे माग भंडारा जिल्ह्यात, गिऱ्हाईक नागपुरात. सुरुवातीला काम एवढंच होतं : कोशाच्या, म्हणजे रानरेशमाच्या, करवतकाठी (करवतीच्या दातांसारख्या काठाच्या) साड्या विणायच्या आणि गांधीबाग-इतवारीच्या ठोक दुकानांत द्यायच्या. पण ताडोबा-पेंचला निघालेले, हिवाळी अधिवेशनाला नाहीतर दीक्षाभूमीला आलेले पाहुणे बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, ‘इथलं काहीतरी’ शोधतात आणि संत्रा बर्फी घेऊन गाडीत बसतात. साडी घाईत निवडता येत नाही आणि परवडतही नाही. म्हणून स्टोल सुरू केले.

साडी कापून स्टोल होत नाही. कापला की करवत एकाच बाजूला राहते, दुसरी कड दुमडून शिवावी लागते. आम्ही 28 इंच पन्ह्याचा वेगळा ताणा (उभे धागे) लावतो. लांबी 2 मीटर, काठ दोन्हीकडे. करवतीला धोटे (आडवा धागा नेणाऱ्या नळ्या) तीन : अंगाला कोशाचा एक, काठांना रंगीत सुताचे दोन. कोशाचा आणि सुताचा बाणा (आडवा धागा) जिथं एकमेकांत अडकतो तिथं दात उठतात. अडकवणं एकदा चुकलं की दातात फट पडते, मग तेवढं उसवूनच पुढं जावं लागतं. पन्हा कमी झाला तरी धोटे तीनच, त्यामुळं स्टोल साडीच्या मीटरभावात बसत नाही. दुकानदाराला हे पटवणं विणण्यापेक्षा अवघड गेलं.

सूत आणि कोसा पाण्यात सारखे आकसत नाहीत. कोरं सूत काठाला घातलं की पहिल्याच धुण्यात काठ चुणतो. म्हणून सूत आधी उकळून घ्यायचं, मग रंगवायचं. रंगलेल्या लडीवर ओलं पांढरं फडकं घासायचं. लाल-मरून उतरला तर लडी परत, कारण तो डाग कोशावरून निघत नाही. ऐन-अर्जुनाच्या झाडांवरच्या कोशाचा रंग लॉटगणिक बदलतो, म्हणून एका ऑर्डरला एकाच लॉटचा तार. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तार तुटतो. तेव्हा माग पहाटे चालवायचा आणि मागाखालच्या खड्ड्यात पाणी शिंपडायचं.

घेणाऱ्यानं आधी कापड उलटून पाहावं. तीन धोट्यांची करवत दोन्ही अंगांनी सारखी दिसते. मागं लोंबते धागे असतील तर काठ वेगळ्या पद्धतीनं काढलाय. मागची बाजू फिकी असेल तर छापलाय. अंगाचा एक धागा जाळून पाहा : रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरते, पॉलिस्टरची कडक गोळी होते. तुतीचं रेशीमही तसंच जळतं, तेव्हा कोसा ओळखायला त्याचा मधाळ रंग आणि जाडबारीक तारच बघावा लागतो. 2004 पासूनचा सिल्क मार्क धागा अस्सल रेशमाचा असल्याचं सांगतो, 2006 चा हँडलूम मार्क कापड हातमागाचं असल्याचं. एक असला म्हणजे दुसरा आलाच, असं समजू नये.

स्टोलसोबत चिठ्ठी देतो : पिळू नका, सावलीत वाळवा, सुती कापडात गुंडाळा, डांबरगोळी कापडाला टेकू देऊ नका आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला, नाहीतर तार घडीवरच तुटतो.