देव कळत नाही, मग विश्वास कशावर?

"तुमचा देव तुम्हालाच पुरता कळत नाही म्हणता, मग विश्वास नक्की कशावर ठेवता?" नाताळच्या करंज्या खाता खाता, ऑफिसात डबा उघडताना, एकदा तर बँकेच्या रांगेतसुद्धा हे मला विचारलं गेलंय. सुरुवात बहुतेक त्रैक्यापासून होते: पिता, पुत्र, पवित्र आत्मा, म्हणजे देव एक की तीन? एकच, असं मी सांगते. इ.स. 325 मध्ये निकियाला (आजच्या तुर्कस्तानात) बिशपांची धर्मसभा भरली, तिथे आणि पुढेही शब्द तोलूनमापून ठरवले गेले, तरी कोडं सुटलं असा दावा कुणी केला नाही. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी त्रैक्यावर पंधरा भागांचा ग्रंथ लिहिला, आणि एका प्रवचनात सांगून टाकलं की तुला कळला असेल, तर तो देव नव्हे. 'नेति नेति' म्हणणाऱ्या देशात हे समजावून सांगावं लागतं, याची मला गंमत वाटते.

पण खरं तर त्रैक्याची कुणाला फारशी पडलेली नसते. विचारायचं असतं ते वेगळंच: देव प्रेमळ, देव सर्वसमर्थ, मग हे असं का? त्यावर 'तो बुद्धीपलीकडचा आहे' म्हटलं की ती पळवाट वाटते. वाटणारच, कारण पुष्कळदा ती तशीच वापरली जाते.

आमच्या चर्चच्या मंडळीतला एक तरुण मुलगा अपघातात गेला. शवपेटी अजून घरातच होती. आई दाराशी बसलेली, नजर त्याच्या कामावरच्या बुटांवर. एक वडीलधारे गृहस्थ तिच्याजवळ वाकून म्हणाले, "देवाला चांगली माणसं लवकर लागतात, ताई. त्याची योजना आपल्याला काय कळणार?" पहिल्या वाक्यात योजना सांगितली, दुसऱ्यात ती कळत नाही म्हणाले. मग नेहमीचं वचन आलंच: परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले.

ते वचन ईयोबाचं, बायबलमधल्या त्या नीतिमान माणसाचं, ज्याची मुलं आणि संपत्ती एकाएकी गेली. पण ईयोबाचं पुस्तक 42 अध्यायांचं आहे आणि हे वाक्य पहिल्याच अध्यायातलं. तिसऱ्यात हाच ईयोब स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो, आणि पुढे थेट देवाकडे न्याय मागतो. ते मयताच्या घरी वाचलेलं मी तरी ऐकलं नाही. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे तीन मित्र भेटायला येतात, तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. तेवढंच त्यांच्या हातून बरं घडलं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं: देव न्यायी आहे, तेव्हा तूच काही पाप केलं असशील, पश्चात्ताप कर. देवाची बाजू घेऊनच बोलतात बिचारे. 38व्या अध्यायात देव वावटळीतून बोलतो, पण 'का' याचं उत्तर देत नाही, उलट प्रश्न विचारतो. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? जिथे माणूस राहत नाही त्या रानात पाऊस कोण पाडतं? रानबकऱ्या कधी वितात, ठाऊक आहे तुला? चार अध्याय हेच. आणि शेवटी तो अलीफजला सांगतो की तुझ्यावर नि तुझ्या दोन मित्रांवर माझा राग पेटलाय. ईयोब माझ्याविषयी जसं योग्य बोलला, तसं तुम्ही बोलला नाहीत. तक्रार करणाऱ्याची बाजू राहिली, वकिली करणारे तोंडावर पडले.

म्हणून 'देव बुद्धीपलीकडचा आहे' हे वाक्य मी स्वतःचं तोंड आवरायला वापरते. दुःखात असलेल्याला ते ऐकवायला जात नाही.

राहिला तुमचा प्रश्न, विश्वास कशावर. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात स्पष्टच आहे की देवाला कुणी कधीही पाहिलेलं नाही, पुत्रानं, म्हणजे येशूनं, त्याला प्रकट केलं. आता या पुत्रानं जगाचा हिशेब उलगडून दिला का? नाही. त्यानं कुष्ठरोग्याला हात लावला, मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेकडे जाताना तो रडला. आणि वधस्तंभावर त्यानं बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या 22व्या स्तोत्रातला प्रश्न विचारला: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? मार्कानं आपल्या शुभवर्तमानात तो येशूच्याच बोलीत, अरामी भाषेत, जपून ठेवलाय, एलोई, एलोई, लमा सबख्थनी. उत्तर आल्याचं मार्क लिहीत नाही. हा 'का' ज्यानं स्वतः विचारला, त्याच्यावर माझा विश्वास आहे. उत्तरं पाठ असलेल्या देवाशी माझं जमलं नसतं.

"मग प्रार्थना तरी कशाला?" असं पुढे विचारतात. स्तोत्रं 150, त्यातली कितीतरी निव्वळ गाऱ्हाणी आहेत. 88वं तर शेवटपर्यंत आशेकडे वळतच नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आमच्या प्रार्थनासभेत कुणी देवाला मोठ्यानं 'का?' विचारलं, तर मी आमेन म्हणते. आणि त्याचं उत्तर द्यायला जो लगबगीनं उठतो, त्याला हात धरून खाली बसवते.